घाटवाटेवरचं पाणी आधी बाहेर काढा

सह्याद्रीतल्या पायवाटा नीट करायला गावं, ट्रेकिंगचे गट आणि वनसमित्या दर वर्षी श्रमदान करतात. पायऱ्या बसतात, झुडपं छाटली जातात, बाण रंगवले जातात आणि जुलै संपेपर्यंत यातलं बरंचसं काम वाहून गेलेलं असतं. बहुतेक ठिकाणी कारण एकच सापडतं: वाटेवर पाणी कुठून येतं आणि कुठून बाहेर पडणार, हे कुणी आधी पाहिलेलंच नसतं. म्हणून या लेखात पायऱ्यांच्या आधी पाण्याबद्दल.

महाबळेश्वरला वर्षाला 5 हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घाटमाथ्याच्या बाकी पट्ट्यातही सरी अशाच कोसळतात. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम आणि वर मातीचा पातळ थर. पायांनी गवत गेलं की ही माती उघडी पडते. वाट सोंडेवरून सरळ वर चढत असेल तर पाण्यालाही तीच वाट सगळ्यात सोयीची असते. दोन-तीन पावसाळ्यांत मधोमध घळ पडते, घळीतून चालवत नाही म्हणून लोक कडेच्या गवतावरून जातात, तिथली माती मोकळी होते आणि दुसरी घळ सुरू होते. एका माणसाची वाट अशी चार-पाच मीटर रुंद होते आणि उन्हाळ्यात तिच्यावर घसारा, म्हणजे पायाखालून निसटणारी सुटी खडी-माती, उरतो.

वाट आखताना एक साधा हिशोब कामाला येतो. डोंगराचा जेवढा उतार, त्याच्या निम्म्याहून कमी चढ वाटेला द्यायचा. बाजूचा उतार 20 टक्के असेल तर वाट 10 टक्क्यांच्या आत, म्हणजे 10 मीटर चालल्यावर एक मीटर चढ. चढ याहून जास्त झाला की पाणी वाट ओलांडून दरीकडे जाण्याऐवजी वाटेवरूनच खाली धावतं. उभ्या डोंगरात मात्र निम्म्याच्या हिशोबावर विसंबू नये. तिथेही सरासरी 10 टक्के धरावी, मातीतला छोटा टप्पा फार तर 15 टक्के, आणि त्याहून जास्त चढ लागला तर दगडी पायऱ्या.

हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. पाणलोटाच्या कामात समतल चरांसाठी वापरतात तो ए-फ्रेम, म्हणजे A अक्षराच्या आकाराची ओळंबा टांगलेली चौकट, गावात बहुधा कुणाकडे तरी असतोच. पायांमधलं अंतर दोन मीटर असेल तर एका पायाला 16 सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा बांधायचा. ठोकळ्याचा पाय नेहमी उताराच्या बाजूला ठेवून ओळंबा मधल्या खुणेवर आणला की दोन्ही पायांखालची रेघ बरोबर 8 टक्के चढाची मिळते. तिथे खुंटी ठोका, फ्रेम पुढे सरकवा. हायड्रोमार्कर (पाण्याच्या नळीने दोन जागांची पातळी मोजायचं साधन) असेल तर त्यानेही होतं, पण चढ मोजताना वजाबाकीत चूक होते. ठोकळ्यात ती शक्यता राहत नाही.

नवी आडवी वाट काढल्यावर जुनी सरळ वाट तशीच सोडून देणं ही मोठी चूक. लोक शॉर्टकट मारतात आणि पाणीही तिथूनच जात राहतं. जुन्या वाटेची दोन्ही तोंडं मोठे दगड आणि काटेरी फांद्या टाकून बंद करावीत. घळीत अनघड दगडांचे छोटे बांध घालावेत, खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीला येईल इतक्या अंतरावर. त्यामागे गाळ साचला की गवत आपोआप धरतं.

वाटेची रुंदी 75 सेंटिमीटर पुरते, आणि तेवढ्या रुंदीत दरीकडच्या कडेला सुमारे चार सेंटिमीटर उतार द्यायचा. डोळ्यांना तो जाणवतही नाही, पण पाणी पसरून बाहेर जातं. अडचण पुढे येते. चालून चालून वाटेचा मधला भाग खचतो, माती बाहेरच्या कडेला साचते आणि तिथे छोटा बांध तयार होतो. या बांधामुळे वाटेची पन्हळ होते. दर वर्षी ही कड कापावीच लागते. कापलेली माती दरीत लोटू नका, मधल्या खळग्यात भरून चोपा. देखभालीतलं एकच काम करायचं असेल तर मी हेच करायला सांगेन.

चढ जास्त असेल तिथे तिरप्या ताली लागतात. शेतात ताल घालतात तशीच दगडांची ओळ, पण वाटेला 45 ते 60 अंशांच्या कोनात, दरीकडचं टोक खाली. दगड 30 ते 40 सेंटिमीटर उंचीचे घ्या आणि त्यातला दोन तृतीयांश भाग जमिनीत जाऊ द्या. एकमेकांना घट्ट भिडलेले हवेत. डोंगराकडचं टोक उतारात निदान 30 सेंटिमीटर आत शिरलं पाहिजे, नाहीतर पाणी मागून वळसा घालून जातं. दरीकडे निचऱ्याचं तोंड वाटेच्या बाहेर मीटरभर नेऊन तिथे पाणी पडेल त्या जागी चपटे दगड पसरा. 10 टक्के चढावर साधारण 20 ते 25 मीटरला एक ताल, 15 टक्क्यांवर 12 ते 15 मीटरला. घाटमाथ्यावर हे अंतर आणखी कमी धरलेलं बरं.

ताल फसते ती ठरलेल्या कारणांनी. काटकोनात घातली तर पाणी थांबतं, गाळ टाकतं आणि एकाच पावसाळ्यात वरून वाहू लागतं. गुडघ्याला लागेल इतकी उंच केली तर लोक बाजूने जातात. लाकडाचा ओंडका वापरला तर वाळवी खाते. जमीन परवानगी देईल तिथे मी तालीऐवजी उलटा चढ पसंत करतो: उतरत्या वाटेला मध्येच तीन-चार मीटर हलका चढ द्यायचा आणि खोलगट जागेतून पाणी बाहेर काढायचं. त्यात निखळण्यासारखा एकही दगड नसतो आणि गाईगुरांनाही अडखळायला होत नाही.

आता पायऱ्या. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहन काळापासून माणसं आणि ओझ्याची जनावरं चालत आली, आणि तिथली दगडी बांधणी अजून पायाखाली लागते. सिमेंट न घालता दगड दगडावर बसवण्याची रीत आजही तितकीच उपयोगी आहे. सुरुवात खालून करायची. वरचा दगड खालच्या दगडाच्या मागच्या भागावर किमान सात-आठ सेंटिमीटर टेकला पाहिजे. उंची 15 ते 18 सेंटिमीटर, पाऊल ठेवायला 30 सेंटिमीटर किंवा जास्त. दोन माणसांना पहारेनेच हलवता येईल असा जड दगड निवडा, एकट्याला उचलता येणारा दगड पुरात टिकत नाही. मागची पोकळी खडी आणि दगडाच्या कपच्यांनी ठोकून भरा. माती भरली तर ती धुऊन जाते आणि दगड डुगडुगतो. दोन्ही बाजूंना ओबडधोबड मोठे दगड लावले नाहीत तर उतरताना लोक गवतावरून जातात.

सिमेंटच्या पायऱ्या मातीच्या उतारावर करू नयेत. वरून भक्कम दिसतात, पण पाणी खालून माती नेतं, लादी अधांतरी राहते आणि एक दिवस तुकडाच सुटतो. शेवाळ धरल्यावर त्या घसरड्याही होतात.

झुडपांच्या छाटणीत सरसकट कोयता चालवू नका. कारवी उतार धरून ठेवते, तिच्या वाटेत येणाऱ्या फांद्याच फक्त कापा. रानमोडी हे झपाट्याने पसरणारं तण मात्र फुलायच्या आधी, ऑक्टोबरच्या सुमारास उपटावं. बी धरल्यावर हलवलं तर आपणच ते वाटभर पेरतो. घाणेरी नुसती छाटली तर दुप्पट फुटते, बुंध्याखालून मुळासकट खणावी लागते.

काससारख्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या सपाट पठारांवर, गणित उलटं असतं. तिथे मातीच काही सेंटिमीटर आणि त्यातच सगळी फुलं, त्यामुळे वाट उघड्या कातळावरूनच न्यायची, खणायचं काहीच नाही.

काम सुरू करण्यापूर्वी जमीन कुणाची ते सातबारा आणि वनखात्याच्या नकाशावर बघा. वनजमिनीत वनखात्याची लेखी परवानगी हवी. अभयारण्यात नियम आणखी कडक आहेत. 2006च्या वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक हक्क मिळाले असतील तर ग्रामसभेचा ठराव घ्या. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र असतं आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित. तिथे पायरी खोदणं, टाकं उपसणं, तटावर बाण रंगवणं यातलं काहीच परवानगीशिवाय करायचं नाही.

खुणा मोजक्याच पण जागच्या जागी असाव्यात. प्रत्येक फाट्यावर एक आणि फाटा ओलांडल्यावर 15-20 पावलांवर दुसरी, चुकलो नाही याची खात्री देणारी. खुणा परतीच्या दिशेनेही दिसल्या पाहिजेत, कारण माणसं जास्त चुकतात ती उतरताना. पाण्याच्या टाक्याच्या पाटीवर ते कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं हे लिहा.

आखणी आणि दगडकाम नोव्हेंबर-डिसेंबरात करा, जमिनीत थोडी ओल असते आणि पहार सहज शिरते. मे अखेरीला निचऱ्याची सगळी तोंडं उघडा. आणि जुलैत, पाऊस चालू असताना, दोघांनी फावडं-कुदळ घेऊन वाट एकदा चालून या. पाणी वाटेवर कुठे शिरतं, कुठे अडतं, कोणती ताल ओलांडतं, हे त्याच दिवशी दिसतं. पालापाचोळ्याने तुंबलेली तोंडं तिथल्या तिथे मोकळी करा, बाकी जागांचे फोनवर ठिकाणासह फोटो घ्या. नोव्हेंबरच्या कामाची यादी तिथेच तयार होते.