तुम्ही विचारलंत म्हणून: पावती १७७ ची, मग ३१० कशाचे?

मी व्हॉट्सॲप ग्रुपवर जुन्या ग्रामोफोन रेकॉर्ड्सचे लिलाव करते, आणि जवळजवळ प्रत्येक लिलावानंतर हा प्रश्न येतो. पार्सल पोचतं, रेकॉर्ड्स शाबूत निघतात, आणि दुसऱ्या दिवशी खोक्यावरच्या टपालखर्चाच्या पावतीचा फोटो येतो. १७७ च्या आकड्याभोवती लाल गोल. खाली एक ओळ: "ताई, शिपिंगचे ३१० घेतलेत. बाकीचे १३३ कुठे गेले?" कुणी हे खाजगीत विचारतं, कुणी ग्रुपवर सगळ्यांसमोर. आजवर ज्याला जमेल तसं उत्तर देत आले. आज एकदाच सगळं लिहिते.

आधी ते १३३. पाच प्लायचा (थरांचा) खोका ४८, बबल रॅप ३०, रेकॉर्ड्सच्या मध्ये आणि दोन्ही अंगांना घालायचे पुठ्ठे २२, टेप आणि कागद ८. झाले १०८. उरलेले २५ पार्सल नेऊन देण्याचे. पॅकिंगला पाऊण तास जातो, तो यात नाही. आता खरं तेही सांगते: खोके पंचवीसच्या गठ्ठ्यानं घेतले की एक ३६ ला पडतो आणि मी ४८ लावते. पावसाळ्यात गठ्ठ्यातले चार-पाच दमट होऊन मऊ पडतात, काही कापताना वाया जातात, त्याची भरपाई त्या बारा रुपयांत आहे. ज्यांना हा नफा वाटतो त्यांनी तसं म्हणावं. मला तो नफा वाटत नाही, पण पूर्ण बारा रुपयांचा हिशोब दरवेळी जुळतो असंही नाही.

ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत एकूण किंमत दाखवा आणि तिची फोड दाखवा असं म्हटलंय. त्या फोडीत डिलिव्हरी, पोस्टेज आणि हाताळणी हे खर्च नावानिशी आहेत. म्हणजे पावतीवरच्या आकड्यापलीकडे खर्च असतो हे नियम करणाऱ्यांनीही धरलंय. हे वाक्य मी बऱ्याच जणांच्या तोंडावर फेकलं आहे. पण त्याच नियमाचा रोख माझ्याकडेही येतो, कारण फोड खरेदीच्या आधी दाखवायची असते. माझ्या लॉटखाली, म्हणजे एका बोलीत विकायच्या रेकॉर्ड्सच्या संचाखाली, कित्येक वर्षं दोनच शब्द असायचे: शिपिंग एक्स्ट्रा.

घेणाऱ्याचा संशय हवेतून आलेला नाही, हेही कबूल करायला हवं. ऑनलाइन लिलावात वस्तू एका डॉलरला आणि पोस्टेज तीस डॉलर, असा खेळ परदेशी विक्रेत्यांनी भरपूर केला, कारण कमिशन फक्त वस्तूच्या किमतीवर लागायचं. ईबे या लिलावाच्या साइटनं अमेरिकेत २०११ पासून पोस्टेजच्या रकमेवरही कमिशन घ्यायला सुरुवात केली. ऑगस्ट २०१८ मध्ये ईबे इंडिया बंद झालं, आणि आमच्यासारख्या छोट्या विक्रेत्यांचे लिलाव व्हॉट्सॲपवर भरू लागले. इथे कमिशन नाही, तसा मध्ये पंचही नाही. बेस प्राइस, पन्नासची वाढ, रात्री साडेनऊला शेवटची बोली, आणि विनरला शिपिंगचा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी. हा क्रमच भांडणाचा आहे. रात्री माणूस बोली जिंकून झोपतो आणि सकाळी त्याची खरेदी पंधरा-वीस टक्क्यांनी महाग झालेली असते.

आता रेकॉर्ड कशी बांधायची ते नीट सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ७८ आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाख आणि दगडाची पूड यांची असते. नंतरची एलपी (लाँग-प्ले) विनाइल या प्लास्टिकची, ती वाकते. लाखेची वाकत नाही, तडकते. दहा इंची तबकडी म्हणजे २५.४ सेंटिमीटर, वजन साधारण दोनशे ग्रॅम. प्रत्येक तबकडी कागदी पाकिटात, दोन तबकड्यांमध्ये एक पुठ्ठा. सगळी चळत सुती दोऱ्यानं किंवा कागदी टेपनं बांधायची, म्हणजे तबकड्या एकमेकींवर घसरत नाहीत. खाली-वर दोन-दोन जाड पुठ्ठे, २९ सेंटिमीटरचे, म्हणजे तबकडीच्या कडेपेक्षा पावणेदोन सेंटिमीटर बाहेर येतील असे. पुठ्ठ्याच्या आत नळ्या असतात. जोडीतल्या एका पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या ठेवल्या तर दुसऱ्याच्या आडव्या ठेवायच्या, नाहीतर दोन्ही एकाच रेषेत दुमडतात. मग बबल रॅप. मग खोका, आणि खोक्यात सहाही बाजूंना पाच सेंटिमीटर भरण. शेवटी खोका कानाजवळ धरून हलवायचा. आतून आवाज आला तर उघडून परत बांधायचा. 'फ्रॅजाइल' लिहिण्यावर विसंबू नये, ते वाचलं जाईलच असं नाही.

एलपीचं एक वेगळं आहे: ती जॅकेटमधून (बाहेरच्या पुठ्ठ्याच्या कव्हरमधून) काढून, आतल्या पाकिटासकट जॅकेटच्या मागे ठेवायची. आत ठेवली की धक्क्यानं तिची कड जॅकेटची शिवण फाडते, आणि घेणाऱ्यानं निम्मे पैसे जॅकेटसाठीच दिलेले असतात.

आता सगळा वाद ज्यावर उभा आहे ते गणित. सहा तबकड्यांची चळत पुठ्ठ्यांसकट पाच सेंटिमीटर जाड होते. सगळीकडे पाच-पाच भरण घातलं की खोका ३९ बाय ३९ बाय १५. बरेच कुरिअरवाले घनफळाचं वजन धरतात: लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार भागिले ५०००. इथे तो येतो ४.५६ किलो, आणि बिल लागतं पाच किलोचं. काट्यावर मात्र पार्सल दोन किलोच्या आसपास भरतं. घेणारा घरच्या काट्यावर ठेवतो आणि म्हणतो, दोन किलोला एवढे? त्याचं बरोबर आहे, आणि कुरिअरचंही.

भरण पाचाऐवजी दोन सेंटिमीटर केलं तर? खोका ३३ बाय ३३ बाय ९, घनफळाचं वजन १.९६. बिल दोन किलोचं. दिसायला तीन सेंटिमीटर कमी, पण बिलातून तीन किलो गेले.

हेच मी एकदा केलं. २०२३ ची गोष्ट. नाट्यगीतांच्या सहा तबकड्यांचा लॉट होता, कोलकात्याजवळच्या दमदमच्या एचएमव्ही कारखान्यातला माल, दोन तर जवळजवळ न वाजलेल्या. नागपूरच्या एका काकांनी २१५० ला घेतला. त्या वेळी कुरिअरवाला घरी येऊन पार्सल न्यायचा म्हणून मी सगळं कुरिअरनंच पाठवत असे. सकाळी शिपिंग ४२० कळवलं. उत्तर आलं, "मागच्या महिन्यात एकानं दीडशेत पाठवलं." मी लिहिलं, त्या एलपी असतील. ते म्हणाले, "ताई, मी रेकॉर्ड घेतोय, खोका नाही." मग काट्याचा फोटो, मग मोजपट्टीचा फोटो, मग ५००० चा भागाकार. दीड दिवस हे चाललं. शेवटी त्यांनी लिहिलं की परवडत नाही, लॉट दुसऱ्याला द्या.

इथे मी थांबायला हवं होतं. दुसऱ्या क्रमांकाची बोली २१०० होती, पन्नास रुपयांचा फरक. पण लॉट परत फिरवला की ग्रुपवर लगेच कुजबुज होते की पहिली बोली डमी होती, किंमत चढवायला मीच लावलेली. ती कुजबुज नको म्हणून मी २०० वर आले. सांगितलं, लहान खोक्यात बसवते. ते म्हणाले, बघा, होतं की नाही.

पार्सल चौथ्या दिवशी पोचलं. खोक्याचा एक कोपरा आत गेला होता, फार नाही, तीनेक सेंटिमीटर. पाच सेंटिमीटर भरण असतं तर तेवढा धक्का भरणातच जिरला असता. दोनच असल्यामुळे उरलेला धक्का पुठ्ठ्यांतून तबकड्यांपर्यंत गेला. सहापैकी चार तडकल्या. त्यांनी प्रत्येकीचा वेगळा फोटो पाठवला. ज्या तबकडीसाठी त्यांनी बोली लावली होती तिच्या कडेपासून थेट लेबलपर्यंत केसासारखी रेघ होती. लांबून अख्खी दिसते, सुई ठेवली की दर फेऱ्याला टक्.

माझं पहिलं उत्तर होतं, "स्वस्त पॅकिंग तुम्हीच मागितलंत." स्क्रीनशॉटही तयार ठेवले होते. त्यांनी एवढंच लिहिलं, "मला पॅकिंगमधलं काय कळतं? तुम्हाला कळत होतं."

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. त्यांनी खोका लहान करा असं म्हटलंच नव्हतं. पैसे कमी करा म्हटलं होतं. कोणती गोष्ट कापायची ते मी ठरवलं, आणि दिसायला नको अशी जागा निवडली. लॉटचे २१५० परत केले, उरलेल्या दोन तबकड्या ठेवून घ्या म्हटलं. कुरिअरचे २०० केले नाहीत.

त्यानंतर काय बदललं ते सांगते. शिपिंगचा आकडा पहिल्या बोलीच्या आधी लॉटमध्ये लिहिते, महाराष्ट्र आणि बाहेर असे दोन, आणि तो लिलावानंतर हलत नाही. 'प्रत्यक्ष खर्चानुसार' हे शब्द मी टाकून दिले. पूर्वी वाटायचं की यासारखं प्रामाणिक काही नाही. पण प्रत्यक्ष खर्च घेणाऱ्याला बोली लावताना माहीत नसतो, आणि पोचल्यावर तो पावतीकडे बघून मोजतो. 'फ्री शिपिंग'ही करून पाहिलं. त्यात बेस प्राइस तीनशेनं वर जाते आणि सुरुवातीच्या बोल्याच येत नाहीत.

वाद झालाच तर ग्रुपवर एक अक्षर लिहीत नाही. खाजगीत तीन फोटो पाठवते: काटा, मोजपट्टी लावलेला खोका, पावती. सोबत दोनच पर्याय: घरी येऊन न्या, किंवा तुमचं कुरिअर पाठवा, पॅकिंगचे १०८ द्या. पॅकिंग कमी करण्याचा पर्याय देत नाही, कितीही मागितला तरी. ४८ तासांत काही ठरलं नाही तर लॉट दुसऱ्या बोलीवाल्याला, त्याच्या स्वतःच्या शेवटच्या बोलीला. पहिल्याच्या किमतीला द्यायला गेले तर डमीचा संशय खरा ठरतो.

"होल्ड करा, पुढच्या लिलावासोबत एकत्र पाठवा" ही मागणी मी २१ दिवसांपर्यंत मानते. पण एकत्र पाठवलं की शिपिंग निम्मं होतं हा समज चुकीचा आहे. बाराहून जास्त लाखेच्या तबकड्या मी एका खोक्यात घालत नाही, वरच्यांच्या वजनानं खालच्या जातात. अठरा घेतल्यात तर खोके दोन होणार.

"रजिस्टरनं पाठवा, स्वस्त पडतं" असं अजून कुणी कुणी म्हणतं. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. जुन्या सिनेमाचं साधं बुकलेट, ५० ग्रॅमच्या आतलं, गावाबाहेर पाठवायचं तरी ऑक्टोबर २०२५ च्या दरानं ४७ रुपये आणि वर १८ टक्के कर, म्हणजे साडेपंचावन्न. आणि टपाल खात्याच्या ज्ञान पोस्ट सेवेचं म्हणाल तर २० ते १०० रुपयांत पाच किलोपर्यंत जातं हे खरं, पण ते पुस्तकांसाठी आहे. खोक्यावर पुस्तकं लिहून आत रेकॉर्ड्स घालायला मला सांगू नका. मी ते करणार नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. आकडा आधी जाहीर केला, आणि प्रत्यक्षात खर्च कमी आला, तर वरचे पैसे परत करायचे का? सध्या तीसच्या वर उरले तर करते. पण खर्च जास्त आला तर मी जादा मागत नाही, मग कमी आल्यावर का द्यायचे, असं एक मन म्हणतं. दुसरं मन म्हणतं, मोजायला तू बसली होतीस, चूक तुझी. तीसचा आकडाही मी कुठून आणला ते मला सांगता येणार नाही.

आणि नागपूरचे ते २००. ते कुरिअरकडे गेले होते, माझ्याकडे उरले नव्हते, हे खरं. २०० मध्ये पोचवते हे कबूल मी केलं होतं आणि चार रेकॉर्ड्स पोचल्या नाहीत, हेही खरं. काकांनी ते कधी मागितले नाहीत.