साइडकारच्या तीन टायरमध्ये हवा किती ठेवायची

सोलो बाइकच्या मॅन्युअलमधला हवेचा आकडा बाजूला एका चाकाची साइडकार जोडल्यावर चालत नाही, हे मी भेटेल त्याला सांगतो. तो आकडा दोन चाकांच्या, वळणावर झुकणाऱ्या गाडीसाठी असतो. साइडकार आली की झुकणं संपलं, वळताना सगळा जोर टायरला आडवा बसतो, मागच्या चाकावर तुमचं, मागे बसलेल्या पिलियनचं आणि वर साइडकारचं थोडंफार ओझं येतं आणि साइडकारचं चाक मात्र आत कोणी बसलेलं नसेल तर बऱ्यापैकी हलकं असतं. तरी लोक तिन्हीत सारखीच हवा भरतात, नाहीतर टायरच्या बाजूवर, म्हणजे साइडवॉलवर लिहिलेलं मॅक्स प्रेशर मारून मोकळे होतात. अहो ते प्रेशर टायर त्याचा पूर्ण लोड उचलतो तेव्हाचं असतं! टायरवरचा लोड इंडेक्स, म्हणजे तो किती वजन पेलतो त्याचा कोड, ६६ असेल तर तो ३०० किलोचा टायर, आणि साइडकारच्या चाकावर येणार ८०-९० किलो, मग खड्ड्यातून जाताना ते चाक उड्या मारणारच.

म्हणून आधी वजन करा. प्रत्येक चाक काट्यावर घ्यायचं, पण उरलेल्या दोन चाकांखाली काट्याच्याच उंचीच्या फळ्या घाला, नाहीतर आकडा चुकीचा येतो. तुम्ही स्वतः गाडीवर बसलेलेच पाहिजे, आणि एकदा साइडकारमध्ये माणूस बसवूनही बघा, कोणत्या चाकावर किती वाढतं ते कळतं.

वजनावरून अंदाजे हवा भरली की खरं उत्तर टायरच देतो, गरम होऊन. सकाळी गाडी हलवायच्या आधी, ऊन लागायच्या आधी गेज लावायचा, आकडा लिहून ठेवायचा, मग नेहमीच्या लोडवर नेहमीच्या वेगाने अर्धा तास चालवायची आणि थांबल्या थांबल्या परत मोजायचं. पुढच्या-मागच्या टायरला साधारण ४ पीएसआय वाढ चांगली. म्हणजे ३० चे ३४ झाले तर ठीक, ३७ झाले तर टायर जास्त दबतोय, जास्त तापतोय, हवा वाढवा. ३१ वरच अडकला तर हवा जास्त आहे, थोडी काढा. पण काढायची ती टायर थंड झाल्यावर, गरम टायरची हवा कधीच सोडू नका. साइडकारच्या चाकाला हा हिशोब तितका लागू होत नाही, ते फार तापतच नाही, तिथे मी ट्रेड, म्हणजे टायरचा रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग, बघून ठरवतो.

ट्रेड बघायला खडू बेस्ट. टायरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड आडवी रेघ मारा आणि कोरड्या सपाट रस्त्यावर सरळ थोडंसं अंतर जा. रेघ फक्त मधेच पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली आणि मधे पांढरी राहिली तर कमी. साइडकारच्या टायरची हवा थोडी थोडी उतरवत हे करायचं, सगळीकडे सारखी पुसली गेली की तिथेच थांबा.

आणि हो, ट्रेडवर आडवा हात फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवला की ट्रेडच्या ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) कडा बोटाला लागत असतील तर तो बहुतेक टो-इनचा, म्हणजे साइडकारचं चाक पुढून बाइककडे किती वळवलंय त्याचा प्रॉब्लेम आहे, हवा कमी-जास्त करून तो जाणार नाही. अशा वेळी आधी अलाइनमेंट करून घ्या, मग गेज काढा.