चाल सुचली, पण क्यू बसला का?

गाणी करणारा संगीतकार पार्श्वसंगीताकडे वळतो तेव्हा पहिली अडचण येते ती वेळेची. गाण्यात मुखडा चार मात्रा लांबला तर काही अडत नाही. इथे मात्र पडद्यावरचं दार अमुक सेकंदाच्या अमुक फ्रेमला उघडतं, आणि संगीताला तिथे पोहोचावंच लागतं. चित्रपट आणि मालिकांसाठी संगीत देणाऱ्याचं सगळं करिअर या हिशोबावर उभं असतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

संकलन पक्कं झालं की दिग्दर्शक, संकलक आणि संगीतकार एकत्र बसून चित्र पाहतात. यालाच स्पॉटिंग म्हणतात. संगीताचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक क्यू, आणि त्याला नंबर मिळतो. ३एम४ म्हणजे तिसऱ्या रिळातला चौथा क्यू. प्रत्येक क्यूचा सुरुवातीचा आणि शेवटचा टाइमकोड (चित्रातली तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेममधली नेमकी जागा), लांबी, आणि संगीत इथे का हवं आहे ते एका ओळीत लिहून घ्यायचं. ही शेवटची ओळ बहुतेक जण गाळतात आणि पुढे तिच्यावाचूनच अडतं. वाईट बातमी सांगण्याआधीच व्हायोलिन सुरू झाली, तर प्रेक्षकाला बातमी आधीच कळते. बातमी ऐकून पात्राचा चेहरा बदलतो, तिथे सुरुवात करावी. थांबणं त्याहून अवघड. नुसतं हळूहळू विरवत नेलं की क्यू अर्धवट सोडल्यासारखा वाटतो. दार आपटणं, गाडी सुरू होणं, पुढच्या प्रसंगातला गलका, अशा एखाद्या आवाजाखाली शेवट दडवला तर संगीत कधी संपलं ते कळतही नाही.

आता हिशोब. क्यू सुरू झाल्यापासून १८.५ सेकंदांनी दार उघडतं आणि तिथे ठोका हवा आहे. मनात आलेली लय ९६ बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९६ मात्रा. एक मात्रा ०.६२५ सेकंदांची, म्हणजे दार येईपर्यंत २९.६ मात्रा होतात आणि ठोका दोन मात्रांच्या मध्ये पडतो. लय ९७.३ केली की बरोबर ३० मात्रा बसतात, पण चार-चारच्या मोजणीत (चार मात्रांचा एक बार) दार आठव्या बारच्या तिसऱ्या मात्रेवर येतं. ठोका समेवर हवा असेल तर दोन वाटा आहेत. लय ९०.८ वर आणून २८ मात्रांचे पूर्ण सात बार करायचे, नाहीतर ९७.३ च ठेवून सात बारनंतर दोन मात्रांचा एक छोटा बार घालायचा. धावपळीच्या प्रसंगात दुसरी वाट घ्यावी. लय पडत नाही आणि तो तोकडा बार ऐकणाऱ्याला थोडं बेसावधही करतो. ठोका चित्रापेक्षा एखाद-दोन फ्रेम उशिरा पडला तर खपतो, कारण प्रकाशामागून आवाज येण्याची आपल्याला सवय असते. आधी पडलेला मात्र खटकतो.

हे सगळं नेमकं बसवूनही क्यू सरकत असेल तर सेटिंग तपासा. चित्रासाठी ध्वनी ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने घेऊन नोंदलेला असतो. ४४.१ ची फाइल रूपांतर न करता ४८ वर वाजवली तर ती जवळजवळ ९ टक्के वेगाने पळते आणि सूर जवळपास दीड अर्धस्वराने चढतो. हे लगेच ऐकू येतं. सेकंदाला २३.९७६ आणि २४ फ्रेम यांतला घोळ त्याहून फसवा. सुरुवात चोख जुळते, आणि तासाभरात ३.६ सेकंदांचा फरक पडलेला असतो.

संवादाखालचं लेखन हा वेगळाच अभ्यास आहे. बोलणं समजतं ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि त्यांची ऊर्जा साधारण १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते. त्याच पट्ट्यात सतारीची मींड किंवा ओबोची हलती ओळ ठेवली की मिक्सिंगवाला संगीताचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली ओढणार. वाक्य चालू असताना लांब, स्थिर स्वर ठेवावेत आणि सुरावट दोन वाक्यांमधल्या फटीत हलवावी.

दिग्दर्शक संकलनाच्या वेळी दुसरीकडचं तात्पुरतं संगीत लावून ठेवतो. महिनोन्‌महिने ते ऐकून त्याला तेच आवडू लागतं. १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’साठी ॲलेक्स नॉर्थ यांनी संगीत लिहिलं होतं, पण दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी ते बाजूला ठेवून आधीपासून असलेल्या अभिजात रचनाच वापरल्या. इतक्या मोठ्या माणसावरही ही वेळ येते. म्हणून त्या तात्पुरत्या तुकड्यातलं नेमकं काय आवडलं ते विचारावं : वेग, वाद्य, की फक्त त्याची शांतता?

‘पक्कं’ संकलनही बदलतंच. प्रसंगातून १४ फ्रेम गेल्या तर त्या २४ च्या हिशोबात ०.५८ सेकंद होतात. सगळा क्यू ताणण्याऐवजी कापलेल्या जागेजवळचा एखादा बार छोटा करावा. वादकांचं ध्वनिमुद्रण झाल्यावर हा बदल महाग पडतो. तिथे आणखी एक चूक नेहमी होते : शेवटचा स्वर विरत असताना वादकांना लय दाखवणारी हेडफोनमधली टिकटिक, म्हणजे क्लिक, माइकमध्ये शिरते. शेवटच्या ठोक्यानंतर क्लिक बंद करायची. मिक्सिंगला देताना तंतुवाद्यं, तालवाद्यं, सिंथ, आवाज असे वेगळे स्टेम (एकेका वाद्यगटाच्या स्वतंत्र फाइली) द्यावेत, आणि सगळे एकाच टाइमकोडपासून सुरू व्हावेत.

मालिकेत एवढा वेळच नसतो. तिथे मुख्य धून आधी पाच-सहा रूपांत करून ठेवतात : पूर्ण, संथ, फक्त ठेका, फक्त ड्रोन (तंबोऱ्यासारखा सलग चालणारा आधारस्वर), आणि तीन-चार सेकंदांचे स्टिंग, म्हणजे एखादा क्षण ठसवणारे छोटे तुकडे. सगळ्यांचा मूळ षड्ज एकच ठेवला तर संकलक ती एकमेकांना जोडू शकतो.

या कामाची तयारी बहुधा दुसऱ्याच नावाखाली होते. इलैयाराजा जी. के. वेंकटेश यांचे सहायक होते, हॉलिवूडचे संगीतकार जॉन विल्यम्स स्टुडिओत पियानो वाजवत, तिथलेच बर्नार्ड हर्मन रेडिओ नाटकांना संगीत देत, ए. आर. रहमान जाहिरातींच्या जिंगल करत. जिंगल ३० सेकंदांत सगळं सांगायला शिकवते, आणि रेडिओ नाटक संवादाभोवती लिहायला. आजही नव्या माणसाने अरेंजर (वाद्यमेळ रचणारा), प्रोग्रामर (संगणकावर वाद्यं वाजवून घेणारा) किंवा म्युझिक एडिटरचा सहायक म्हणून दोन-चार वर्षं काढावीत. दुसऱ्याच्या क्यूचं संकलन बदलल्यावर तो पुन्हा बसवून देणं, यासारखं शिक्षण नाही.

करार करताना ठोक रक्कम मिळणार असेल तर वादक, स्टुडिओ आणि मिक्सिंग त्यातूनच जाणार का, हे आधी लिहून घ्यावं. बदलांच्या किती फेऱ्या त्यात धरल्या आहेत तेही. आणि काम संपताच क्यू शीट भरावी : क्यूचं नाव, लांबी, वापराचा प्रकार, रचनाकार, प्रत्येकाचा वाटा. प्रक्षेपणाची रॉयल्टी याच कागदावरून वाटली जाते, त्यामुळे चार सेकंदांचा स्टिंगही त्यात लिहायचा.