‘आणू’ आणि ‘नको’ यांच्यामध्ये श्वास घेऊ नका

चर्चमध्ये जरा बेसूर गाणाऱ्याकडे कुणी मान वळवून बघत नाही. सगळेच थोडे इकडेतिकडे असतात. माना वळतात त्या भलत्या क्षणी निघालेल्या आवाजाकडे. गाणं सुरू होण्याआधीचे चार सेकंद, ओळीच्या मधला श्वास आणि शेवटच्या सुरानंतरची शांतता, घात व्हायच्या जागा या. ठाण्यातल्या मासुंदा तलावाशेजारच्या सेंट जॉन द बाप्टिस्टसारखं पोर्तुगीज काळातलं चर्च असो की नवी मुंबईत एखाद्या सेक्टरच्या सभागृहात भरणारी उपासना, यात फरक पडत नाही.

सुरुवात पट्टीपासून. गाणं उचलणारा पहिल्या ओळीचा सूर बघतो आणि फसतो. बघायचा तो गाण्यातला सगळ्यात वरचा सूर, आणि तो बहुधा ध्रुवपदाच्या दुसऱ्या ओळीत लपलेला असतो. मंडळीला सोबत घेऊन गायचं असेल तर गाणं खालच्या पांढरी सातपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत बसवा. पुरुष तेच एक सप्तक खाली गातात. त्याच्या वर गेलं की अर्धे लोक गप्प होतात, उरलेले मध्येच खालच्या सप्तकात उडी मारतात. सकाळी सातच्या मिस्सेला (कॅथलिक उपासनेला) गळा उघडलेला नसतो, तेव्हा संध्याकाळच्या पट्टीपेक्षा अर्धा सूर खाली घ्या.

पट्टी ठरवूनही गोंधळ होतो तो कीबोर्डच्या ट्रान्सपोज बटणाने, म्हणजे बोटं तीच ठेवून सगळे सूर वर-खाली सरकवणाऱ्या बटणाने. शनिवारच्या लग्नात कुणीतरी तीन घर वर चढवून ठेवलेलं असतं. रविवारी बोटं पांढरी एकवर, आवाज काळी दोनचा. म्हणून बसल्या बसल्या स्क्रीनवर शून्य आहे ना बघा. गिटारवाल्याचा त्याहून मजेशीर प्रकार: दुसऱ्या पडद्यावर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून तो ‘जी’ वाजवतो, विचारलं तर ‘जी’ सांगतो, आणि खरा सूर निघतो ‘ए’चा. कीबोर्डवाला इमानदारीत ‘जी’ धरतो आणि प्रवेशगीताचं वाटोळं होतं. बोटांचा आकार सांगू नका, कानाला ऐकू येणारा सूर सांगा. सोबत जुनी पेटी असेल तर ती थोडी उतरलेली किंवा चढलेली असू शकते. पेटीचे सूर ऐनवेळी हलत नाहीत, तेव्हा कीबोर्डचं ट्यूनिंग पेटीला जुळवून घ्यायचं.

गाण्याआधी वाजवायच्या सुरावटीची लांबी दर रविवारी एकच ठेवा. शेवटची ओळ एकदा, ज्या लयीत गायचं त्याच लयीत, आणि मग श्वासापुरती जागा. आज एक ओळ, उद्या अख्खं कडवं असं केलं की पहिल्या बाकावरच्या आजी एकट्याच सुरू होतात. चूक त्यांची नसते.

चालीचा घोळ मराठी उपासनेत जास्त, कारण आपल्याकडे अभंग आहेत. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा अभंग त्या मापाच्या कुठल्याही चालीत बसतो. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या (1861–1919) रचना गाणारं नगरकडचं कुटुंब एका चालीत वाढलेलं असतं, कोकणातलं दुसऱ्या. शब्द दोन्हीकडे चपखल बसतात, त्यामुळे काही बिघडलंय हे दोन ओळी होईपर्यंत कळतच नाही. गीताचा नंबर सांगताना चालही सांगा किंवा एक ओळ गुणगुणून दाखवा. पुस्तकाच्या दोन आवृत्त्या बाकांवर फिरत असतील तर नंबरासोबत पहिली ओळही वाचा.

आता श्वास. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, हे गाणाऱ्याने कायम लक्षात ठेवावं. ‘आम्हांला परीक्षेत आणू नको, तर आम्हांला वाइटापासून सोडव’ ही ओळ लांबवून गाताना दम ‘आणू’पाशी संपतो. तिथे श्वास घेतला की अख्खी मंडळी देवाला विनवते, आम्हांला परीक्षेत आणू! पुढचा तुकडा होतो ‘नको तर आम्हांला वाइटापासून सोडव’, म्हणजे जमलं तर सोडव, नाहीतर राहू दे. ‘सोडू नको’, ‘विसरू नको’, ‘टाकू नको’ असं जिथे जिथे येतं तिथे क्रियापदाच्या आधीच श्वास चोरून घ्या आणि ‘नको’ त्याच दमात संपवा. कागदावर तिथे पेन्सिलीने छोटा स्वल्पविराम काढून ठेवा आणि ‘आणू’ व ‘नको’ यांच्या डोक्यावरून एक कमान. सगळ्या क्वायरच्या कागदांवर त्याच जागी, नाहीतर अर्धे इथे थांबतात, अर्धे तिथे.

आपल्याकडच्या क्वायरमध्ये कोळी, ईस्ट इंडियन (मुंबईकडचे मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक), गोव्याचे, मंगळूरचे, मल्याळी सगळे असतात आणि बरेच जण मराठी गीत रोमन लिपीत लिहून आणतात. त्या लिपीत त-ट, न-ण, ल-ळ एकच दिसतात. ‘बाळ येशू’चा ‘बाल येशू’ झाला तर एक वेळ चालून जातं, पण ‘तारणारा’चा ‘टारनारा’ झाला की मागचे बाक हसू दाबतात. ‘देवाचा’मधला च दातांमागचा, ‘देवाची’मधला टाळूचा, हे कागदावर दाखवता येत नाही, म्हणून तालमीत आधी ओळ नुसती वाचून घ्या, सूर नंतर.

वाद्यांकडून होणारी सगळ्यात जीवघेणी फजिती म्हणजे सिंक स्टार्ट, म्हणजे पट्टी दाबताच ताल आपोआप सुरू करणारं बटण. ते बटण चालू राहिलं आणि भाकर-द्राक्षारसाच्या पवित्रीकरणाच्या शांततेत कीबोर्डच्या डाव्या बाजूला कोपर टेकलं, की ड्रम सुरू. गाणं संपल्यावर बटण बंद आणि कीबोर्डचा आवाज शून्यावर, हा हाताचा रिवाज पडला पाहिजे. सूर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलवर पाय ठेवून कीबोर्ड चालू केला तर बऱ्याच मॉडेलमध्ये पेडल उलटं चालतं: पाय उचलला की सूर लांबत राहतात. बंद करून पाय काढून परत चालू करा.

माइकबद्दल थोडक्यात. ‘प्रभू’ शब्दातला प आणि भ दोन्ही माइकवर धप्पकन आदळतात. माइक तोंडासमोर सरळ न धरता किंचित तिरका, चार बोटं लांब धरा. गात नसताना बंद, नाहीतर ‘अगं, पुढचं कुठलं?’ हे वेदीपर्यंत जातं. मागच्या माडीवर क्वायर असेल आणि वेदी 25 मीटरवर, तर आवाज पुढे पोचायला सेकंदाचा सुमारे चौदावा भाग लागतो आणि पुढच्यांचा आवाज परत यायला तेवढाच. म्हणून मंडळी नेहमी मागे पडल्यासारखी वाटते. त्यांची वाट बघत बसलात तर लय कडव्यागणिक सांडत जाते. हात हलवणाऱ्याकडे बघा, कान थोडे बंद ठेवा.

कॅथलिक चर्चमध्ये पंचांगाची चूक वेगळीच. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, आलेलुया नसतो, आणि सवयीने कुणीतरी शुभवर्तमानाआधी तो दणक्यात सुरू करतो. लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी तो कागद फाइलमधून काढून घरी ठेवणं हाच उपाय, लक्षात ठेवण्यावर विसंबू नका. याच काळात वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून, मधले सोलो नाहीत; चौथा रविवार त्याला अपवाद. रविवारचं स्तोत्र तीन वर्षांच्या (अ, ब, क) फेऱ्यात फिरतं. सनाला 3 ने पूर्ण भाग गेला तर ‘क’ वर्ष, जसं 2025. मात्र वर्ष जानेवारीत बदलत नाही, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बदलतं. मागच्या वर्षीच्या फाइलमधून स्तोत्र उचलणारे इथेच अडकतात.

आणि चुकलंच तर? पहिल्या ओळीत कळलं तर सरळ थांबा, नंबर पुन्हा सांगा, पुन्हा सुरू करा. कडवं उलटून गेलं असेल तर थांबू नका. पट्टी फार वर गेली असेल तर कडव्यांमधल्या सुरावटीआधी ट्रान्सपोज दोन घर खाली घ्या. शब्द हरवले तर माइकपासून तोंड वळवून नुसता ‘आ’ धरा. हसू नका, आणि ज्याची चूक झाली त्याच्याकडे तर मुळीच बघू नका. एरवी कुणाला कळलं नसतं ते तुमच्या नजरेने सगळ्यांना कळतं.

राहिलं शेवटचं कडवं. ‘पहिलं, दुसरं आणि चौथं’ असं सांगितलेलं असतं आणि एक भरदार आवाज तिसऱ्यात शिरतो. गाळायच्या कडव्यावर तालमीतच आडवी रेघ मारा. पेन्सिलीनेच, कारण पुढच्या रविवारी नेमकं तेच गायचं ठरतं.