जुनापाणीची शिळावर्तुळं सकाळीच का बघावीत

नागपूरच्या काटोल नाक्यावरून काटोल रस्ता धरला, गोरेवाडा मागे पडला की शहर बऱ्यापैकी सुटतं. नागपूरपासून दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणी. लोहयुगातल्या दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळं इथे आहेत. पहिल्यांदा येणारा माणूस गाडी थांबवून विचारतो, "वर्तुळं कुठंयत?" तेव्हा तो बहुतेक वर्तुळांच्या शेजारीच उभा असतो. इथे डोक्यावर जाणारे खांब नाहीत. गुडघ्याएवढे, फार तर कमरेएवढे काळे गोटे गोलाकार मांडलेले, मधे किंचित उंचवटा आणि सगळ्यावर गवत. अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं या माळावर नोंदलेली आहेत.

म्हणून वेळ महत्त्वाची. मी जानेवारी-फेब्रुवारी सुचवतो, आणि पोहोचायचं सूर्योदयाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा छान असते, पण गवत कमरेपर्यंत असतं आणि त्यातली कुसळं मोज्यांतून आरपार टोचतात. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलो-किलोने चिकटते. एप्रिलनंतरच्या उन्हाबद्दल नागपूरकरांना काही सांगायला नको. तर्री पोहे परतताना खा. खाऊन निघालात तर हवा तो उजेड निघून गेलेला असतो. माणशी दोन लिटर पाणी आणि घोटा झाकणारे बूट एवढं पुरे.

एक मोठं वर्तुळ निवडा आणि आत शिरण्याआधी बाहेरून पूर्ण फेरी मारा. शेतकरी नांगरटीत निघालेले दगड धुऱ्यावर रचतात, त्या ढिगांना वर्तुळ समजण्याची चूक नेहमी होते. फरक सोपा आहे. ढिगात हाताने उचलता येतील असे सगळ्या मापांचे दगड एकावर एक पडलेले असतात. वर्तुळाचे गोटे एकाला लागून एक, जमिनीत रुतलेले आणि एका माणसाला न हलणारे. आतली भर लहान दगडगोट्यांची आणि मातीची, त्यामुळे मधला भाग पाय ठेवताच कडक लागतो. व्यास मोजायचा तर तीस मीटरची टेप न्या आणि दोन काटकोनी दिशांनी मोजा, कारण एखाददुसरा गोटा घरंगळलेला असला की एकाच मापात मीटरभराची चूक सहज होते.

आता खळगे. काही गोट्यांवर अंगठा टेकेल एवढे गोल खळगे कोरलेले आहेत, बहुधा रांगेत, कुठे दोन समांतर रांगांत, कुठे अधिकच्या चिन्हासारखे. दुपारी अकरानंतर ते दिसतच नाहीत. तिरप्या उन्हात मात्र प्रत्येक खळग्याच्या एका कडेला सावलीची कोर उमटते आणि अख्खी रांग एकदम वर येते. ढगाळ दिवस असेल तर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड मारा. खडूने रंगवू नका. खडबडीत दगडातून तो नीट निघत नाही, आणि हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे.

इथेही फसायला होतं. हा दगड लाव्ह्याचा, त्यात वायूच्या बुडबुड्यांची नैसर्गिक छिद्रं असतात. ती वेड्यावाकड्या मापांची, विखुरलेली, काहींत पांढरं खनिज भरलेलं. कोरलेले खळगे साधारण एका मापाचे, सारख्या अंतरावर, तळ बशीसारखा. बोट फिरवा: छिद्राची कड बोचते, खळग्याची नाही. या खळग्यांच्या दिशांचा संबंध आकाशातल्या ताऱ्यांशी लावण्याचे प्रयत्न झालेत. स्वतः दिशा मोजणार असाल तर होकायंत्र गोट्यावर ठेवू नका. या दगडात लोहखनिज असतं आणि काटा भरकटतो. दोन-तीन मीटर मागे सरून त्या रेषेत बघा, मोबाइलचं होकायंत्रही तसंच.

ही वर्तुळं म्हणजे दफनं, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, लोहयुगातली. मध्य प्रांताचा कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नाक याने इथे खोदलं आणि 1879 मध्ये त्यावर लिहिलं. खळग्यांकडेही त्याचं लक्ष गेलं होतं. पुढे 1961-62 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तीन वर्तुळं उत्खनन केली. काळी-तांबडी मडकी आणि लोखंडाची हत्यारं ही विदर्भातल्या अशा दफनांची नेहमीची सामग्री. माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा घोड्याचा. याच रस्त्याच्या बाजूला असलेल्या माहुरझरीच्या दफनांत घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने मिळाले. घोडा मालकाबरोबर पुरायचा, तोही सजवून, ही चैन कुणालाही परवडणारी नव्हती.

जुनापाणी दोन-अडीच तासांत होतं. उरलेल्या दिवसात माहुरझरी जोडता येते. तिथे मणी घडवण्याचा उद्योग होता. नायकुंड वेगळ्या दिवशी ठेवा, ते पेंच नदीकाठी आहे. तिथे लोखंड वितळवण्याची भट्टी निघाली, म्हणजे दफनातली हत्यारं बनत कुठे याचं निदान एक उत्तर. उभ्या शिळांच्या खोल्या, वर आडवी शिळा ठेवलेल्या, पाहायच्या तर चंद्रपूर जिल्ह्यातलं हिरापूर गाठावं लागेल. खुद्द जुनापाणीत त्या शोधत बसू नका.

निघताना रस्त्याकडेची वर्तुळं बघून घ्या. काहींचा अर्धाच कंस उरलाय, बाकीचा रस्ता, मुरूम आणि बांधकामात गेला. गोटे सैल झाले की ते उचलणं सोपं, आणि गोटा सैल होतो तो त्यावर चढून फोटो काढल्याने. कडेचा गोटा हलला की आतली भर पहिल्या पावसात बाहेर वाहते. आत जायचं तर दोन गोट्यांमधली फट बघून पाय टाका. जमिनीवर खापराचा तुकडा दिसला तर बाजूला पेन ठेवून फोटो घ्या आणि तुकडा तिथेच, त्याच तोंडाने राहू द्या.