खाडीच्या पाण्याला वाट द्या

रायगडमधल्या खारेपाटात खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला खांड गेली, म्हणजे तो फुटला, की शेत बुडालं असंच धरतात. आमच्या धरमतर खाडीकाठच्या शेताचंही तेच झालं. उधाण आत शिरलं, भात गेलं, आणि गावकीनं मिळून बांध राखायची रीत मोडल्यामुळे दुरुस्तीला माणसं जमेनात. पुढच्या काही पावसाळ्यांत तिथं कांदळवनातले तिवर उगवले. रोप कुणीच लावलं नव्हतं. पाणी आलं, पाण्याबरोबर बी आलं.

म्हणूनच निवटे नावाच्या माशांच्या उघड्या चिखलात तिवराची रोपं खोचताना बघितलं की माझा जीव तुटतो. ती जागा उघडीच राहायला हवी. आणि बांधानं भरती अडवलेल्या जागी कितीही रोपं लावा, जगणार नाहीत.

आधी उघाडीकडे, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराकडे बघा. तिची झडप खाडीच्या बाजूला उघडते. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, भरती चढली की पाण्याच्याच दाबानं ती मिटते. भातासाठी उत्तम सोय, पण माशांची पिल्लं आत येतात ती नेमकी भरतीबरोबर! जिताडा पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी अंडी घालतो आणि पिल्लं वर येऊन उथळ खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत वाढतात. शिवाय जिताडा आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. बारकेच धरून संपवले तर अंडी घालणार कोण?

गेल्या पावसाळ्यात आमच्या बुडालेल्या शेतात काकांनी पाग टाकला. बोय, कोळंबी आणि त्यात बोटाएवढं जिताड्याचं पिल्लू. अंगावर तपकिरी डाग, डोक्यावरून पाठीकडे गेलेला पांढरट पट्टा. काकांनी ते लगेच पाण्यात सोडलं. "वाढू दे त्याला," एवढंच म्हणाले.

पिकते बांध फोडा असं मी म्हणत नाही. खाऱ्या पाण्यानं आधीच घेतलेल्या शेतांबद्दल बोलतेय. तिथं भराव नको. खांड रुंद ठेवावी, गाळानं बुजलेल्या जुन्या चरी मोकळ्या कराव्यात. कांदळवन तोडायला, त्यावर भराव टाकायला हायकोर्टानं 2018 साली बंदी घातली, ते योग्यच झालं. पण ज्याच्या सातबाऱ्यावर ते उगवलंय, त्या शेतकऱ्याच्या हातात काय पडतं? मासा सगळ्या खाडीचा, नुकसान एकट्याचं, हे बरोबर नाही. त्याला दरवर्षी मोबदला मिळायला हवा.

आमच्या सातबाऱ्यावर चुलत्यांची बरीच नावं आहेत. खांड बुजवायची नाही, यावर सगळे राजी झालेत. पावसाआधी मधली चर उपसायची, तिचा खर्च कसा वाटून घ्यायचा ते अजून ठरायचंय.