सुटं आणि शुद्ध

शाळेच्या हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे उभी राहिली ती लाल धूळ. गोव्यातल्या डिचोलीच्या रस्त्याने लोहखनिजाचे ट्रक धावायचे. सोमवारी घातलेला पांढरा शर्ट बुधवारपर्यंत विटकरी व्हायचा.

नववीला विज्ञान शिकवणारे आमचे सर पुस्तक वाचायचे इंग्रजीत, समजवायचे मराठीत आणि ओरडायचे कोंकणीत. एकदा म्हणाले, "निसर्गात शुद्ध सापडणारं एखादं मूलद्रव्य उद्या घेऊन या." मी ट्रकमधून सांडलेला एक जड दगड दप्तरात टाकला. लोखंड तर आमच्या पायाखालीच, शोधायचं काय त्यात!

सरांनी दगडाला चुंबक लावलं. चिकटेना. मग फुटक्या फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर तो घासला, तर तांबडी रेघ उठली. "अरे, हें लोखंड न्हय! हेमाटाइट." फळ्यावर हिशेब झाला: अस्सल हेमाटाइट घेतलं तरी 100 भागांत 70 लोखंड, 30 ऑक्सिजन. या दोघांची फारकत करायला कोळशाची भट्टी लागते. मांडवीतून बार्जने मुरगावला आणि तिथून बोटीने जपानला आमची माती जायची ती त्यासाठीच. आणि भट्टीतून निघालेल्या कच्च्या लोखंडातही सुमारे 4 टक्के कार्बन उरतोच.

"म्हणजे सुटं लोखंड कुठेच नसतं?" मी जरा घुश्शातच विचारलं.

"असतं की. आभाळातून पडतं." आम्ही हसलो. सर हसले नाहीत. उल्केतलं लोखंड, तेही निकेल मिसळलेलं. ग्रीनलंडचे इनुइट लोक त्याचे तुकडे ठोकून सुरीची पाती करत.

एका मुलीने कानातल्या कुड्या दाखवल्या. सोनं सहसा कुणाशी संयोग पावत नाही म्हणून सुटं सापडतं, हे सरांना मान्य. पण खाणीतल्या सोन्यातही बहुधा थोडी चांदी असते. "सुटं म्हणा. शुद्ध म्हणू नका." हे वाक्य त्या वर्षी आम्ही किती वेळा ऐकलं असेल! सोडियमचा तुकडा मात्र त्यांनी रॉकेलच्या बाटलीतून काढून ब्लेडने कापून दाखवला. आतली चकाकी बघता बघता मळली. तो सुटा कुठे सापडणार? आगरवाड्याच्या मिठागरात ढिगाने आहे, पण क्लोरीनच्या संगतीत.

तास संपताना सर म्हणाले, "सगळ्यांनी नाकातून आणलंय, दाखवलं कोणीच नाही." हवेत 78 टक्के नायट्रोजन, 21 टक्के ऑक्सिजन. दोन्ही सुटे, पण एकमेकांत मिसळलेले.

शाळेचा रौप्यमहोत्सव झाला, सुवर्णमहोत्सव झाला, आता हीरक. चांदी, सोनं, हिऱ्यातला कार्बन, तिन्ही निसर्गात सुटी मिळणारी मूलद्रव्यं. ज्या दगडाच्या पैशातून आमच्या निम्म्या वर्गाची वह्यापुस्तकं आली, त्याच्या नावाचा महोत्सव मात्र पंचांगात नाही.